पळसाचा वैमानिक

आर्वीला चित्रकला शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात शेजारच्या काकू एक फोटो घेऊन आल्या. त्यांचा मुलगा विमानाजवळ उभा होता. विमान इंग्रजी बनावटीचं, अगदी सुरुवातीच्या जेटांपैकी, मागे दोन शेपट्या असलेलं. ते घेऊन तो युद्धावर गेला आणि परतलाच नाही. विमान सापडलं नाही, देहही नाही. काका पळसविधी करायचं म्हणत होते. पळसाच्या पानांचा माणूस बांधून त्यालाच अग्नी द्यायचा. काकू सात वर्षं अडून बसल्या होत्या.

"गुरुजी, हे इमान मले करून द्या," त्या म्हणाल्या. "पन आत मानूस बसवू नोका. अन् काच चिपकवू नोका. त्याले बसता आलं पाह्यजे."

मी सावरीचं हलकं लाकूड घेतलं. फुटाला अर्धा इंच असं माप धरलं. पावडरच्या डबीचं पारदर्शक झाकण तापवून वैमानिकावरची काच केली. विमान सुरेख झालं, पण रिकामी जागा मला बघवेना. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती. सावर संपली होती. अंगणातली एक वाळकी काटकी उचलली आणि बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस कोरला. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. डाव्या भुवईवर चाकू घसरला. तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी श्वास आत ओढला. वळून पाहिलं तर खोलीत मी एकटाच होतो. तरीही बाहुला जागेवर बसवला.

विमान न्यायला आलेल्या काकूंनी काच मागे सरकवली आणि त्या थबकल्या.

"भुवईवरची खोक तुमाले कोनं सांगतली? लहानपनी बैलगाडीवरून पडलता तो."

फोटोत भुवया टोपीखाली झाकलेल्या होत्या. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"काडी कायची हाय, गुरुजी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काटकी पळसाची होती. त्यांचं दार सात वर्षं ज्याच्यासाठी उघडं होतं, त्याचा पळसाचा माणूस मी करून बसलो होतो. मला माझ्या हातांची किळस आली.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी बाहुला अलगद काढून पदरात घेतला. दारातून काकांना म्हणाल्या, "तयारी करा. आला तो."

विधीच्या वेळी पानांच्या माणसाच्या छातीवर त्यांनी तो स्वतःच्या हाताने ठेवला.

विमान त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. काच मी अजून चिकटवलेली नाही. उन्हाळ्यात भर दुपारी कधीकधी ती मागे सरकलेली असते. लाकूड वाळतं, म्हणून असेल. पण ती पुन्हा लावायला माझा हात होत नाही.