हौसाच्या पेटीतला कागद

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण परवा अकोल्याला जायचं ठरवलं आहे, आणि जाण्याआधी हे लिहून व्हायला हवं.

माझं पहिलं लग्न झालं होतं. हौसा तिचं नाव. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगराकडची, भातशेतीवाल्या घरातली. मी पारनेरचा, नगरला कचेरीत कारकून, भिंगारला बिऱ्हाड. ती निरक्षर — मला तिची लाज वाटायची. भांडण? नव्हतं. मी बोलणंच सोडलं. ती माहेरी गेली, आणि दोन वर्षं मी आणायला गेलो नाही.

सन एकोणीसशे बहात्तर. वकिलांनी मला नीट समजावलं. म्हणाले, "तुमच्यात काडीमोडीची चाल आहे का? नाही ना? मग पंचांपुढची सोडचिठ्ठी कोर्टात टिकायची नाही. दोघं राजी आहात म्हणून कायदा सोडत नाही. आधी विभक्त राहण्याचा हुकूम घ्या, दोन वर्षं थांबा, मग घटस्फोट. सरळ रस्ता हाच."

"आणि लवकरचा?"

ते चष्मा पुसत राहिले. "बाई परपुरुषाबरोबर राहते, असं असेल तर. आहे का तसं?"

मी 'आहे' म्हणालो.

का? एक शिकलेलं स्थळ मनात होतं — एवढंच. नाव द्यावं लागलं, तेही दिलं. भंडारदऱ्याकडे जीप चालवणारा एक माणूस, गाव सोडून गेलेला. मला तो ठाऊक कसा? हौसा तापानं फणफणली होती तेव्हा त्यानं तिला दवाखान्यात पोचवलं होतं. तिनंच मला कौतुकानं सांगितलं होतं.

समन्स निघालं, तसा मी बेलिफाच्या आधी तिच्या गावी गेलो. ओटीवर बसून चहा प्यायलो — तिच्या हातचा. कोर्टाचा कागद येईल, तो घे, असं सांगितलं. तिच्या भावाला वाचता येत नव्हतं, हे मी धरूनच चाललो होतो.

"काय लिवलंय त्यात?" तिनं विचारलं.

"पटत नाही, एवढंच. तारखेला यायची गरज नाही."

"मी यिऊन तरी काय करू? तुमी सांगताय म्हंजी खरंच असंल."

ती आली नाही. मी शपथेवर बोललो, कचेरीतला एक मित्र साक्षीला उभा राहिला. निकाल एकतर्फी झाला. त्याची नक्कल मीच तिला पाठवली — व्यवस्थित वागल्याचा आव आणून.

इथवर तुम्हाला वाटेल, कबुली झाली. नाही.

अनेक वर्षांनी तिचा भाचा नगरला शिकायला आला, मला शोधत घरी आला. त्याच्याकडून कळलं. हौसानं ती नक्कल पेटीत जपली होती. दुसरं स्थळ आलं, की ती स्वतःच कागद पुढं करायची. "माझ्यात खोट न्हाई. वाचा की, ह्यात समदं हाय." पाहुणे वाचायचे, घडी घालून परत द्यायचे आणि निघून जायचे. तीनदा असं झालं. तिला कुणी सांगितलं नाही — तिच्या तोंडावर कोण सांगणार?

"आत्याला अजून ठाऊक नाही," पोरगा म्हणाला. "मी वाचलं आणि जीभ उचलली नाही. तुम्ही सांगा, मामा, हे खरं आहे का?"

तो मला तेव्हाही मामा म्हणाला. आणि मी काय म्हणालो असेन? "वकिलांची भाषा असते ती, बाळा." तो चहा न पिता उठला.

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा तिचे केस काळे होते.

आता ती सत्तरीपुढं आहे, भावाच्याच घरी. मी शपथपत्र केलं आहे: ती निर्दोष होती, तो जीपवाला निर्दोष होता, खोटं मी बोललो, साक्षीदारही मीच उभा केला. परवा त्याच ओटीवर, तिच्या भावकीसमोर ते मी मोठ्यानं वाचणार आहे. त्याआधी जुना कागद वाचणार आहे, तिच्यासमोर, एकही शब्द न गाळता. ती विचारेल, काय लिवलंय त्यात.

या वेळी जे लिहिलं आहे तेच सांगेन.