कानाचा गुरुवार
सोजरबाईचा उजवा कान लहानपणीच गेलेला. सगळा कारभार डाव्यावर. त्या उन्हाळ्यात न्हाताना डाव्यात पाणी गेलं आणि तोही बंद झाला.

बाई मूळची वळसंगची. नवरा वारल्यावर सोलापुरात येऊन गुरप्पाच्या खानावळीत भाकऱ्या थापायची, विणकरांच्या चाळीत एकटी राहायची. चाळीत सगळं बोलणं तेलुगूत. हिला मराठी आणि कानडी यायचं, तेलुगूचं अवाक्षर कळायचं नाही. तेव्हा दिवसभरात दोन शब्द व्हायचे ते खानावळीतच. कान बंद झाला आणि तेही गेले. गुरप्पा ‘भाकरी आणा’ म्हणायचा, ही पीठ मळत बसायची. गिऱ्हाईकं हसायची. मग गुरप्पा नुसत्या खुणा करू लागला आणि हळूहळू तिच्याशी कुणी बोलेनासंच झालं.

कोमट तेल घालून पाहिलं, गुण आला नाही. शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली. कंपाउंडर खिडकीतून डोकं काढून तिच्या कानाशी ओरडला, “कानाचे डॉक्टर गुरुवारीच येतात!” सगळी रांग वळून बघू लागली. सोजरबाईनं पदर पुढं ओढला.

गुरुवारी गेली तर खोलीला कुलूप. शहात्तर साल होतं; डॉक्टर नसबंदीच्या कॅम्पला तालुक्याला गेले होते.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर होते. शिपाई दारात येऊन नावं पुकारायचा. त्याचे ओठ हलले की ही पुढं सरकायची, पण उठायचं दुसरंच कुणी. बाक रिकामा झाला तेव्हा ती दाराशी गेली. शिपायानं केसपेपर बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“किती वेळा पुकारलं मावशी! ऐकू येत नाही का?”

त्याच्या तोंडाकडं बघूनच तिला ते समजलं.

“त्येच्यासाटीच तर आलेय रं बाबा,” ती म्हणाली. पण डॉक्टर निघून गेले होते.

तिसऱ्या गुरुवारी तिनं शेजारच्या बाईचा हात धरला. ती बाई नातीला घेऊन आली होती.

“माजं नाव सोजरबाई. पुकारलं की हलवा मला. माज्यासंगं कुणी न्हाय.”

बाईनं तिच्या कानाला तोंड लावलं. “मी सुगराबी. फिकीर करू नको, मी हाय की!”

सुगराबीचा नंबर आधी लागला. नातीला दाखवून ती बाहेर आली आणि पुन्हा येऊन बसली. सोजरबाईनं ‘जावा’ म्हणून खूण केली, तर तिनं मान हलवली आणि हिचं मनगट धरून ठेवलं. नाव आलं तेव्हा असं दाबलं की बोटं रुतली.

डॉक्टरांनी पिचकारीनं कोमट पाणी मारलं. मळाचा काळा खडा ताटलीत पडला, त्याचा आवाज तिला ऐकू आला.

“येवडंच व्हतं व्हय?”

“एवढंच. पुढचा!”

ती लगबगीनं बाहेर आली. सुगराबीची जागा रिकामी होती. फाटकापर्यंत धावली, रस्त्यावर सायकलींच्या घंट्या, टांगेवाल्यांची ओरड. सुगराबी कुठं राहते, हे विचारायचंच राहिलं होतं.

पुढच्या गुरुवारी भाकऱ्या लवकर उरकून सोजरबाई दवाखान्यात गेली. बाकाच्या कडेला बसून एकेक नाव कान देऊन ऐकत राहिली. दुपारी शिपाई दार लावायला आला.

“आता काय झालं मावशी? बरा झाला ना कान?”

“व्हय. बरा झाला,” ती म्हणाली आणि उठली.