बदली रोगी

वाल्मिकने मिलमध्ये बारा वर्षं बदली म्हणून काढली. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी खाडा केला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, जायचं. कायम झाला त्याच वर्षी मिलला कुलूप लागलं. उरला तो कामगारांचा विमा दवाखाना, आणि कापसाच्या धुळीने छाती भरलेली बायको, गयाबाई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दवाखान्याला वरून आदेश आला. विमाधारक म्हातारे होत चालले आहेत, तेव्हा दर रोग्यामागचा सरासरी खर्च ठरलेल्या मर्यादेत ठेवावा. डॉ. शोभनांनी गयाबाईचा दम्याचा पंप बंद केला.

"मॅडम, बिना पंपचं हिला आडवंच होता येत नाही," वाल्मिक म्हणाला.

"मग स्वस्तातले रोगी आणा. सरासरी उतरली की लिहिते पंप."

बाई वैतागून बोलल्या होत्या. वाल्मिकने ते नेमून दिलेलं काम समजलं.

त्याने मिलमधले धडधाकट सोबती गोळा केले: सियागंजच्या बाजारात हमाली करणारा विष्णू, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात चौकीदार असलेला शाम, आणखी बरेच. विम्याची कार्डं सगळ्यांची चालू होती. दवाखान्याच्या फाटकाशी वाल्मिक माणसं आणि आजार वाटून द्यायचा.

"क्या भिया, आज काय झालंय मला?" विष्णू विचारायचा.

"काल कंबर झाली ना? आज खोकला घे."

"खोकला तर शामकडे आहे!"

"तो ड्यूटीवर गेलाय. त्याचा तू कर."

प्रत्येकाला एक पिवळी गोळी मिळायची. सरासरी उतरली, पंप सुरू झाला. एकदा तपासताना शामला खरोखरच साखर निघाली. डॉ. शोभना भडकल्या, "कसली माणसं आणता हो? हा तर आजारी आहे!" बाकीचे मात्र जळले. शाम कायम झाला होता.

सरासरी इतकी घटली की वरच्यांनी मर्यादा आणखी खाली आणली, आणि इथले रोगी एका गोळीत बरे कसे होतात ते पाहायला दिवाकरजी नावाचे अधिकारी पाठवले. त्यांनी रांगेतला पहिलाच माणूस धरला. तो वाल्मिक होता.

"इनका बीपी लीजिए," त्यांनी डॉ. शोभनांना फर्मावलं.

पारा एकशे नव्वदवर थांबला. त्याला औषध लिहिलं तर मर्यादा ओलांडणार आणि पंप जाणार, हे दिवाकरजी सोडून खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं: वाल्मिकला, डॉ. शोभनांना आणि गयाबाईला. ती बाकावर धापा टाकत होती.

"मशीन बिघडलंय, साहब," वाल्मिक म्हणाला. "आपलं लावून बघा ना."

दिवाकरजी रोज सकाळी फिरायला जात आणि तळलेलं खात नसत. त्यांनी निर्धास्तपणे बाही वर केली. पारा दोनशेच्या पुढे गेला.

"खराब है," ते म्हणाले, आणि तसा शेरा मारून यंत्र दुरुस्तीला पाठवलं. ते परत आलं नाही. त्या दवाखान्यात पुढे कुणालाच रक्तदाब निघाला नाही, आणि खर्च आटोक्यात ठेवल्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी नवा पंप ओढून झाल्यावर गयाबाईने विचारलं, "अहो, पण तुमचं बीपी?"

"साहबनेच लिहून दिलंय. मशीन खराब."

त्या दिवसापासून गयाबाई त्याच्या डाळीत मीठ घालत नाही, आणि तो रोज तक्रार करतो.