काल कुठं अडलं?

कुसुमताई गेल्याचा निरोप महाडहून आला तेव्हा मी पोलादपूरच्या दवाखान्यात सुया उकळत होते. निरोप आणणारा गंगाराम, आमचा देवी टोचणारा, दारातच थांबला. "ताई गेल्या," एवढंच म्हणाला... स्टोव्हवरचं भांडं उतरवायचंही मला सुचलं नाही.

ताई आमच्या देवी टोचणाऱ्या पथकाच्या प्रमुख होऊन आल्या तेव्हा बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून पुरुषांनी नाकं मुरडली होती. आधीचे साहेब रोज सकाळी एकच विचारत, "किती टोचले?" आकडा कमी पडला की चारचौघांत खरडपट्टी. त्यामुळे आकडा कधी कमी पडतच नसे! ताई मात्र फणसाखालच्या बाकावर आमच्यातच बसत आणि विचारत, "काल कुठं अडलं?" "कुठंच नाय, ताई," म्हणून सगळे मोकळे होत. ही बाई गोड बोलून गळा कापील, असंच त्यांना वाटे.

मग कड्याखालच्या वाडीत एका पोरीला देवी आल्या. ती वाडी टोचून पुरी झाली असं गंगारामनेच सांगितलेलं.  त्या सकाळीही ताईंनी नेहमीचंच विचारलं. नोकरी जाणार, या भीतीनं गंगारामच्या पाचावर धारण बसली होती. "ताई, त्या वाडीत मी गेलोच नाय. गावकीनं काठ्या घेऊन हाकललं, तवापासून..."

ताई रागानं ताडकन उठल्या. मला वाटलं, संपला हा माणूस. पण त्या म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस. आता पेटी उचल, मी येते."

मीही गेले. वेशीवर म्हातारा गावकर आडवा आला. "देवी घरात आली हाय. सुई नाय चालायची." ताईंनी वाद घातला नाही. "बाबा, तुमचं कुठं अडतंय?" म्हाताऱ्यानं हातातली काठी खाली टेकवली. मग म्हणाला, "टोचल्यावर पोर तापलं, नि तुम्ही गेलाव खाली, तर बघायचं कोणी?"

टोचलेल्या पोरांचे ताप उतरेपर्यंत ताई आणि गंगाराम वाडीतच राहिले. ती आजारी पोरगी मात्र वाचली नाही. गंगारामच्या मनाला ते कायमचं लागून राहिलं. त्याला काढायला निघालेल्या वरिष्ठांना ताईंनी सुनावलं, "खरं सांगायची भीती आपणच घातली, तर दोष एकट्याचा कसा?" त्याची नोकरी राहिली.

परवा ताईंच्या जागी नवे साहेब आले. फणसाखाली खुर्ची मांडून त्यांनी विचारलं, "किती झाले?" गंगाराम उठला.  "आकडा सांगतो, साहेब. पण आधी कुठं अडलंय ते ऐका."

साहेबांची लेखणी थांबली. ते काय म्हणतील, कुणालाच ठाऊक नव्हतं... पण गंगाराम खाली बसला नाही.