वळणावरची गाडी

धंतोलीत आमच्या घरासमोर एक दातांचे डॉक्टर राहत. इंग्रज गेले तेव्हा त्यांतल्या एका साहेबाने सामान विकायला काढलं, त्यातून डॉक्टरांनी प्रोजेक्टर आणि काही मूकपट घेतले. एका मूकपटात मोटारींची शर्यत होती. रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही दोघं त्या गाड्या ओळखत बसायचो.

बॉनेटवर चामडी पट्टा बांधलेली एक गाडी वळणावर सगळ्यांना मागे टाकायची. डॉक्टर म्हणायचे ती इटालियन, मी म्हणायचो फ्रेंच. तिचं तोंड नीट दिसावं म्हणून आम्ही नेमका तिथेच प्रोजेक्टर थांबवायचो. फिल्म थांबली की दिव्याच्या उष्णतेने तेवढं चित्र जळायचं. डॉक्टर जळका तुकडा कापून टोकं चिकटवायचे. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या शेजारचं चित्र थांबवायचो.

असं वर्षभर चाललं. एकदा ती गाडी वळणाकडे आली आणि पुढे दिसलीच नाही. आम्ही फिल्म पुन्हा लावून पाहिली, तरी नाही.

तरी आमचा वाद चालूच होता. डॉक्टरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आता काहून भांडून राहिले तुम्ही? गाडीच तं नाही राहिली.”

आम्हाला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

“फ्रेंचच असेल ती,” शेवटी डॉक्टर म्हणाले.

मलाही भरून आलं. म्हणालो, “नाही डॉक्टर, इटालियनच होती.”

“फ्रेंच,” ते म्हणाले.

“इटालियन,” मी म्हणालो.

चहा निवेपर्यंत आमचे आवाज चढले होते.