नमुन्याचं पाप

आमच्या वोलोकेली गावात एखादं पोर पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपुढे उभं राहिलं, की मी आधी त्याचे हात बघते. उजव्या तळव्यावर डावा तळवा, बोटं जुळलेली, हात छातीशी. असे हात दिसले की ओळखायचं, हे पोर माझ्या नणंदेच्या हाताखालून गेलंय. इतर गावची पोरं खाऊ मागितल्यासारखे हात पुढे करतात. आमची नाही करत.

नणंदेचं नाव वेनेरांदा. लहानथोर सगळे तिला वेनेआत्याच म्हणतात. तिने लग्न केलं नाही. दोघंजण मागणी घालायला आले होते म्हणे, पण हिने त्यांना दहा आज्ञा ओळीने म्हणायला लावल्या आणि ते ताडीचा पहिला पेला संपायच्या आत उठले. ही गोष्ट माझा नवरा दोनातुस सांगायचा. तो आपल्या बहिणीबद्दल बोलत होता तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे फार जुनी.

टेकडीवरच्या आमच्या चर्चमध्ये फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून येतात. बाकीचे दिवस चर्च वेनेआत्याचं. दुपारी शाळा सुटली की पोरं तिथे जमतात आणि तिचा वर्ग भरतो. तिची शिकवण्याची रीत एकच: ती एक वाक्य म्हणणार, पोरं सगळी मिळून दहादा ओरडणार, घरी जाताना वाटेवरही ओरडत जाणार. ‘हे आमच्या बापा’ आमच्या गावात कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीच्या चकतीऐवजी सरावाला ती साबुकंदाचे कागदासारखे पातळ काप वाळवून ठेवते. कुणी तो काप कुडुम्‌ करून चावला, की बाकावर बांबूची पट्टी आपटते आणि म्हणते, ‘केळ्याची भजी खातोस काय रे? जिभेवर ठेव. विरघळू दे.’ पट्टी बाकालाच लागते, पोराला कधी लागली नाही. पण पोरं टरकून असतात.

आता खरी गोष्ट सांगते. साऱ्या गावाला ख्रिस्तप्रसादाला तयार करणारी ही बाई स्वतः मात्र तो घेत नव्हती. सगळे रांगेने वेदीकडे निघाले की ही बाकावर गुडघे टेकून बसून राहायची. लोकांना वाटे, फारच सोवळी बाई, स्वतःला लायक समजत नाही. मला कारण माहीत होतं. कारण माझ्याच घरात सकाळ-संध्याकाळ तंबाखू ओढत बसलेलं असायचं.

सासूबाई शेवटची वर्षं वेनेकडे होत्या. रस्त्याच्या पलीकडे तिचं घर, अलीकडे आमचं. हगणं-मुतणं, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं वेनेने केलं. सासूबाई गेल्या तेव्हा तिने दारापुढची जागा झाडून, पाणी शिंपडून ठेवली होती. आमच्याकडे माणूस अंगणातच पुरतात, घरच्यांच्या नजरेसमोर. पण आई मुलाच्या अंगणात जाते, मुलीच्या नाही, ही रीत. दोनातुस आणि त्याचे चुलते आले, शवपेटी उचलली आणि रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आणली. वेनेला कुणी विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, ‘जिवंत होती तेव्हा माझी, मेल्यावर तुझी होय?’ त्यानंतर भावाशी तिचा शब्द नाही. माझा मुलगा तेव्हा अर्ध्या चड्डीत शाळेत जात होता. आज त्याची मुलगी यूलिता वेनेच्या वर्गात आहे.

तेव्हापासून मी त्या दोघांमधली टपालपेटी. ‘वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, डुक्कर माझ्या मक्यात शिरलंय.’ ‘बहिणीला म्हणावं, कुंपण नीट घाल.’ दोघं पाच हातांवर उभी आणि मी मध्ये मान फिरवतेय. एकदा मी वैतागून म्हटलं, देवाने तुम्हाला जिभा दिल्यात त्या काय मीठ लावून ठेवायला? दोघांनीही एकाच वेळी एकाच तऱ्हेने नाक मुरडलं. शेवटी एकाच आईची पोरं ती.

सासूबाईंच्या थडग्यावर दोनातुसने पांढऱ्या फरशा बसवल्या. उन्हात त्या छान तापतात म्हणून लवंगा आम्ही तिथेच वाळवतो. मृतांच्या सणाला सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावतं. वेनेही लावायची, पण आमच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मातीत खोचून. येणारेजाणारे वळसा घालून जायचे. मला ते बघवत नसे. मी फाटक उघडून आत ये म्हणायची. ती म्हणायची, ‘ज्याचं अंगण आहे त्याने बोलवावं.’ आणि ज्याचं अंगण तो आत भिंतीकडे तोंड करून बसलेला. तो म्हणे, मी थोरला आहे, मी का आधी बोलू?

मग ती ख्रिस्तप्रसाद का घेत नाही, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘भावाशी अबोला असेल तर आधी समेट कर, मग वेदीशी ये, हे मीच पोरांना घोकायला लावते. स्वतः तसंच कसं जाऊ?’ मी म्हटलं, मग समेट कर. त्यावर तिने सुपातले तांदूळ उगाच पुन्हा पाखडायला घेतले.

हे असंच चाललं असतं, पण या वर्षी नवे फादर आले. फादर एगी. तरुण, हसतमुख, कुणाच्याही घरी मक्याची कणसं खात बसणारे. त्यांनी मोठ्या प्रेमाने जाहीर केलं, की यंदा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या समारंभाला मुलांच्या पुढे त्यांच्या शिक्षिका चालतील आणि सगळ्यांत आधी ख्रिस्तप्रसाद त्या घेतील. टाळ्या पडल्या. मी वेनेकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने आली. पुढच्या दाराने ती येतच नसे. म्हणाली, ‘वहिनी, ही माझी शेवटची तुकडी. समारंभाच्या आधी फादरना सांगणार आहे, की दुसरं कुणीतरी बघा.’ मी म्हटलं, अगं, दुसरं आहे कोण? आणि वर्ग गेला तर तू दिवसभर करशील काय? ती म्हणाली, ‘बसेन.’ मला रडू आलं आणि रागही आला. दोघांचाही. वर्ग म्हणजे त्या बाईचा श्वास होता, आणि तो एका शब्दावाचून जायला निघाला होता.

त्यातच पापांच्या कबुलीची तालीम सुरू झाली. ख्रिस्तप्रसादाआधी पोरांना फादरपुढे आपली पापं सांगावी लागतात. आता आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांना आपलं पाप कोणतं हे कुठलं सुचायला? म्हणून वेने दरवर्षी एक नमुना द्यायची: ‘मी आंबे चोरले, मी आईशी खोटं बोललो, मी बहिणीला मारलं.’ पोरं तो नमुनाच पाठ करायची आणि रस्त्याने ओरडत जायची. ज्यांनी आयुष्यात झाडावर पाय ठेवला नाही तीही आंबे चोरल्याचं सांगायची. एका वर्षी म्हाताऱ्या क्लेमेन्सने ते ऐकून आपल्या आंब्याच्या बुंध्याला काटे बांधले होते.

फादर एगींनी बैठकीत सांगितलं, की मुलांना दुसऱ्याचं पाप पाठ करायला लावू नका, खरं पाप कसं सांगायचं ते शिकवा. वेनेला ते पटलं. पण सवय कुठली सुटायला? दुसऱ्या दिवशी तिने आंबे सोडले आणि म्हणाली, खरं पाप असं असतं, ऐका. आणि एक खरं पाप सांगितलं. पुढे असंही म्हणाली, की हे पाठ करू नका, आपापलं शोधा. पण पोरांनी पहिला अर्धा भागच ऐकला. तिनेच लावलेलं वळण ते.

त्या दुपारी दोनातुस आईच्या थडग्यावर बसून लवंगा हाताने पसरत होता. मी दारात मासे साफ करत होते. यूलिता वर्गावरून आली, दप्तर टाकलं आणि आजोबांपुढेच गुडघे टेकून मोठ्याने सुरू झाली.

‘मी माझ्या भावाशी बोलत नाही. आईला मातीत ठेवलं त्या दिवसापासून. रोज सकाळी त्याचा खोकला ऐकला की मला बरं वाटतं, की तो आहे. मगच मी चूल पेटवते. तरी मी बोलत नाही.’

आणि ‘खोकला’ म्हणताना ती खोकलीही, अगदी दोनातुससारखी, घशातून खरवडून. सगळी पोरं तसंच करत होती म्हणे, वर्गात फार हसू आलं.

मी माशावरची सुरी थांबवली. दोनातुसचा हात लवंगांवर तसाच राहिला. त्याने नातीला विचारलं, ‘हे पाप कुणाचं?’

‘माझं,’ यूलिता म्हणाली.

‘तुझा भाऊ दोन वर्षांचा आहे.’

‘म्हणून तर बोलत नाही ना,’ ती म्हणाली आणि मासे बघायला माझ्याकडे आली.

एरवी मी पोट धरून हसले असते. दोनातुस उठला, घराच्या मागे गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. जेवायला बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मलाही त्या दिवशी कळलं, की सकाळी त्याचा खोकला झाल्यावरच पलीकडून धूर का निघतो. इतकी वर्षं मी तो धूर बघत होते.

सकाळी जाग आली तेव्हा तो अंगणात खोकत होता. खोकून झाल्यावर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडे धूर निघाला, तेव्हा आत आला.

दुपारी त्याने धुतलेला सदरा मागितला. कुठे निघालात विचारलं तर म्हणाला, ‘टेकडीवर.’ मी मासे तसेच झाकले आणि मागोमाग निघाले. सोडते होय!

चर्चमध्ये कबुलीचा सराव चालू होता. वेने फादरच्या जागी खुर्चीवर, कान पुढे केलेला, डोळे मिटलेले, कारण फादर कबुली देणाऱ्याकडे बघत नाहीत. एकेक पोर येऊन गुडघे टेकायचं, म्हणायचं, उठायचं. दोनातुस गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पोरं खिदळायला लागली. वेनेने डोळे न उघडताच पट्टी आपटली आणि गप्प केलं.

यूलिताचं झालं. मग तो पुढे झाला. म्हातारे गुडघे, खुर्चीच्या पाठीला धरूनच टेकले. म्हणाला, ‘मी माझ्या बहिणीशी बोलत नाही. आईला मातीत ठेवलं त्या दिवसापासून. तिने जागा झाडून ठेवली होती, ती मी पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखं केलं.’

वेनेने डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर आलं आणि हनुवटीपर्यंत गेलं. मला वाटलं आता ही उठून निघून जाते, का काय करते. ती घसा साफ करून म्हणाली, ‘आधी क्रूसाची खूण करायची असते. तेवढंही विसरलास, दादा?’

त्याने खूण केली. मग ती म्हणाली, ‘ऊठ आता. फरशी गार आहे. आणि उद्या संध्याकाळी कुत्रा बांधून ठेव. मी आईला मेणबत्ती लावायला येणार आहे.’

तो म्हणाला, ‘फाटक काढूनच टाकतो.’

आणि काढलंही. समारंभाच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात आणि समोर तिच्या अंगणात मिळून एकच मांडव पडला. मधला रस्ता मांडवाखाली, मोटारसायकलवाले वाकून जात होते. यूलिताने पणजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, तिच्या मागे दोघं भावंडं शेजारी शेजारी उभी होती. फारसं बोलत नव्हती. बोलायची सवयच गेली होती, पण मला मध्ये मान फिरवावी लागली नाही. फादर आले तेव्हा कबुलीच्या रांगेत पोरांच्या मागे वेने उभी राहिली आणि तिच्या मागे दोनातुस. आत काय बोलली ते तिचं तिला ठाऊक.

रविवारी पांढऱ्या झग्यातल्या पोरींच्या आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या पोरांच्या पुढे वेनेआत्या चालत होती. तिची विणीच्या नक्षीची काळी लुंगी, आमच्या बायका सणाला नेसतात ती, मी पेटीतून काढून इस्त्री केली होती. वेदीशी ती थांबली. फादरनी ख्रिस्तप्रसाद उचलून धरला आणि तिने हात पुढे केले. मला ते माझ्या जागेवरून दिसले. उजवा वर, डावा खाली.

अख्ख्या गावाला हात धरायला शिकवलेली बाई ती. तिच्या मागून यूलिता पुढे वाकली आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, ‘आत्याआजी, डावा वर.’

वेनेने हात बदलले. फादर तोवर थांबून राहिले होते.