देव्हाऱ्यातलं लाल पडलेलं चिनी नाणं

आधी सेक्टर ६ मधल्या नाणीवाल्या काकांना नमस्कार, मग घटना. ते नसते तर एक निर्दोष बाई माझ्या सहीने आत गेली असती. 

मी भंडाऱ्याकडचा. शाळा आठवीत सुटली, घर सोडून शिपाई म्हणून भरती झालो आणि चढत चढत भिलाईच्या एका ठाण्यात सहायक उपनिरीक्षक झालो. कागद लिहिताना भीती वाटायची, शिकलेल्या माणसाला आपली चूक लगेच दिसेल म्हणून.

दिवाळीनंतर हुडको वसाहतीतले एक निवृत्त अधिकारी लेखी तक्रार घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी कलकत्त्याच्या गोदीत असताना चांदीची तीन चिनी नाणी आणली होती, ड्रॅगनच्या छापाची. घरात ती लक्ष्मीपूजनाला मांडत. यंदा पूजेनंतर कपाट उघडलं, तर एक नाणं लाल!

"खरं नेलं आणि तांब्याचं ठेवलं," ते म्हणाले. संशय घरकामाच्या बाईवर. चावीची जागा तिला माहीत होती, मुलीचं लग्नही तोंडावर आलेलं. त्यात आमच्या खबऱ्याने सांगितलं, बाई सराफाच्या दुकानातून निघताना दिसली.

आमचे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, म्हणाले, "अब और क्या चाहिए? शाम तक उठा लो."

मी महिला शिपायाला घेऊन बाईच्या घरी गेलो.

"सराफाकडे कावून गेली होती?"

"पोरीचे पैंजण तुटले होते, ते जोडाले. जा, विचारून या."

"आणि नाणं?"

ती हसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "साहेब, इतकी वर्षं त्या घरात झाडू मारून राहिली मी. देवघराच्या उंबऱ्यात मले पाय नाही ठेवू देत. आम्ही बौद्ध ना! कपाट त्या देवघरातच आहे. आत आली तर बाटलं म्हणते, अन् आता आत येऊन चोरलं म्हणते. दोन्ही कसं जमल?"

सराफाने पैंजणाची गोष्ट खरी असल्याचं सांगितलं. टीआय साहेबांना ते पुरेना. "घर खाली रहा होगा, मौका मिला होगा," म्हणाले. तेही खोडता येईना. तिला आणलं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि दुसऱ्या कोणत्या घराने तिला दार उघडलं असतं?

मग पावती देऊन नाणी ताब्यात घेतली आणि काकांकडे गेलो. काका कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. चीनच्या प्रांतांची जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद. काकू म्हणायच्या, "घरात गहू ठेवायला डबा रिकामा नाही, ड्रॅगन मात्र डबे भरून!"

काकांनी भिंग लावलं. "अरे बाबू, चोर बदली नाणं ठेवेल ते पांढरं की लाल? लाल ठेवून मालकाला स्वतःच वर्दी देईल का?"

हे मला पोलीस असून सुचलं नव्हतं.

"हे बघ, खवल्यांच्या खाचेत चांदी आहे, वरची घासून गेली. शेपटीवर चिनी व्यापाऱ्याचा ठसा आहे. त्याच्या कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्यात, म्हणजे ठसा नवा नाही. तक्रारदार ठशाचं काही बोलले?"

बोलले होते. आपल्या नाण्याची खूण त्यांनी तीच सांगितली होती, शेपटीवरचा ठसा.

"मग नाणं तेच. तिकडे एकेक प्रांत आपापली नाणी पाडायचा आणि खोटी पाडणारेही तेव्हाच बसलेले. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ थर. आजोबाच फसले रे!" काकांनी डब्यातून आपलं तसंच लालसर नाणं काढून शेजारी ठेवलं. खोटीही ते आवडीने जमवत.

मी तसाच हुडकोला गेलो. एकच प्रश्न विचारला, "यंदा नाणी कशाने धुतली?"

"नेहमीसारखीच," तक्रारदार साहेब म्हणाले.

आतून त्यांच्या पत्नी पुढे आल्या. "दोन लखलखीत होती, हे काळपट. लक्ष्मीपुढे काळं कसं ठेवायचं? चिंच-मीठ लावून राखेने खसाखसा घासलं. लाल दिसायला लागलं तशी घाबरले, पुसून पूजेत फुलांखाली झाकलं आणि नंतर तसंच कपाटात ठेवलं. हे रागावले असते."

"तेव्हा देवघरात अजून कोण होतं?"

"कोणी नाही. तिला कुठे आत येऊ देतो आम्ही?"

साहेबांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला. मग तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं.

बाईला सांगायला गेलो तर तिने विचारलं, "माझ्या घरचा चहा चालन का साहेब?" दोन कप प्यायलो. इतका हलका मी नोकरीत क्वचितच झालो असेन. हुडकोतलं ते काम तिने सोडलं. मुलीचं लग्न ठरल्या दिवशी लागलं.

तेव्हापासून मुद्देमाल हातात आला की मी आधी विचारायचो, ही वस्तू या घरात कोण हाताळतं, आणि कोणाला हाताळू देत नाहीत? तपास तिथूनच सुरू करायचो.

काकांनी माझ्याकडून पेढ्याचा डबाही घेतला नाही. "द्यायचंच असेल तर युनान प्रांताचं खोटं नाणं दे, तेवढं माझ्याकडे नाही," म्हणाले. नोकरीभर खोटं पकडत आलो, आता पेन्शनीत जिथे जुना बाजार भरतो तिथे एक खोटं शोधत फिरतो. काका, सापडेल त्या दिवशी तुमच्या हातात आणून ठेवीन. पण घासून आणणार नाही.